होमोसिस्टीन तपासायचंय? मग गोळी सुरू करण्याआधी या

रामबागेतल्या आमच्या रक्ततपासणी केंद्रात हल्ली रोज कोणीतरी विचारतं, “मिथायलेशनची टेस्ट होते का हो तुमच्याकडे?” या नावाची एकच एक तपासणी नसते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा छोटासा गट एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर चढवणं म्हणजे मिथायलेशन. हे काम शरीरात अखंड चालू असतं. त्यासाठी बी-१२ आणि फोलेट (बी-९) ही जीवनसत्त्वं लागतात. मेथिओनिन हा प्रथिनांतला एक घटक, आणि तो वापरला गेल्यावर शरीरात जे तयार होतं ते होमोसिस्टीन. ही जीवनसत्त्वं कमी पडली की होमोसिस्टीनवर तो गट चढून त्याचं पुन्हा मेथिओनिन होत नाही आणि ते रक्तात साचतं. म्हणून आम्ही एकाच टोचणीत होमोसिस्टीन, बी-१२ आणि फोलेट तिन्ही पाहतो. होमोसिस्टीन साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर असावं.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण आधी गोळ्या सुरू करतात आणि मग तपासायला येतात. मागच्या थंडीत एक काकू आल्या होत्या. पायांना महिनोन्‌महिने मुंग्या येत होत्या. शेजारणीने सांगितलं म्हणून त्यांनी दहा दिवस बी-१२ च्या कॅप्सूल घेतल्या आणि मग आमच्याकडे आल्या. बी-१२ चा आकडा मशीनच्या मर्यादेपलीकडे गेला, होमोसिस्टीनही उतरलेलं. मुंग्या मात्र तशाच. मुळात कमतरता होती की नाही, हे डॉक्टरांना त्या कागदावरून सांगता येईना. पुढे काही महिने थांबून सगळं पुन्हा करावं लागलं. इंजेक्शन घेतलं असेल तर परिणाम आणखी लांबतो. तेव्हा आधी रक्त द्या, मग गोळी. आधीच सुरू केली असेल तर लपवू नका. कोणती आणि कधीपासून ते फॉर्मवर लिहितो. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र तपासणीसाठी परस्पर बंद करू नका. गर्भवतींनी फॉलिक अ‍ॅसिड (गोळीतलं फोलेट) तर मुळीच थांबवायचं नाही.

नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडवर भिस्त ठेवणं मात्र बरं नाही. बी-१२ कमी असताना ते एकटंच घेतलं तर अ‍ॅनिमिया सुधारल्यासारखा दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्यांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध (म्हणजे इन्सुलिनचा परिणाम कमी होणं) सर्वांत जास्त आढळला. आमच्या पॅकेजमध्ये दोन्ही एकत्र ठेवली आहेत ती यासाठी. “फक्त बी-१२ करा, स्वस्तात पडेल,” असं म्हणालात तर तेही करून देऊ, पण अर्धंच चित्र मिळेल.

“घरी रक्त काढून ठेवतो, ऑफिसला जाताना नळी देतो,” अशी विनंती आम्ही नाकारतो, त्याचा राग मानू नका. नळीतल्या लाल पेशींमधून होमोसिस्टीन बाहेर पडतच राहतं. साध्या तापमानात तासाभरात आकडा जवळपास १० टक्के वाढतो. आमचा माणूस बर्फाचा डबा घेऊन येतो आणि तासाच्या आत नळी यंत्रात फिरवून लाल पेशी वेगळ्या केल्या जातात. घरी येण्याचे जादा पैसे लागतात ते या धावपळीचे. रात्रीच्या जेवणानंतर १० ते १२ तास उपाशी राहा, पाणी चालेल. पोहे-जलेबी रक्त देऊन झाल्यावर.

खाण्याबद्दलही विचारता. फोलेटसाठी मेथी, पालक, चवळी, मूग, हरभरा. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं, म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि उकळलेलं पाणी ओतून न देता वरणात घाला. बी-१२ भाजीपाल्यात नसतं. स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीतलं बहुतेक बी-१२ शरीराला वापरता येत नाही. शाकाहारी घरांत दूध, दही, ताक, पनीर हाच आधार. एका मोठ्या पेल्यातल्या दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं आणि रोजची गरज दोनच्या थोडी वर असते. चहातलं दोन चमचे दूध त्यात धरू नका. अंडी, मासे खात असाल तर उत्तमच. तंबाखू आणि दारू होमोसिस्टीन वाढवतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तावरची गोळी बरीच वर्षं चालू असेल, तर खाणं नीट असूनही बी-१२ घटू शकतं. अशांनी डॉक्टरांना विचारून वर्षातून एकदा तपासलेलं बरं.

आमच्या काउंटरवर गोळ्या विकायला नाहीत. रिपोर्ट समजावून सांगायला मात्र संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. येताना चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत टाकून आणा, म्हणजे नावं आठवत बसावं लागणार नाही.