विंडोज १० की ११? निर्णय अवघड कसा होत गेला

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट थांबली. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो नेहमीसारखाच सुरू झाला, त्यामुळे ‘मग बदलायचं कशाला?’ हा प्रश्न घराघरांत अजून तसाच आहे. नव्या विंडोजच्या रूपात किंवा वेगात त्याचं उत्तर सापडत नाही. घरातल्या मशीनचा प्रोसेसर कोणत्या सालचा आहे आणि त्याच्या डिस्कची मांडणी कशी केली आहे, यावर ते ठरतं. हे असं कसं झालं ते समजायला पंचवीस वर्षं मागे जावं लागतं.

विंडोज ९५, ९८ आणि मिलेनियम या तिन्ही आवृत्त्या डॉस या विंडोजआधीच्या जुन्या प्रणालीच्या पायावर उभ्या होत्या. एखादा प्रोग्रॅम कोसळला की अनेकदा अख्खं मशीनच गोठायचं. २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आली आणि ऑफिसांमध्ये वापरला जाणारा विंडोज एनटीचा भक्कम पाया घरातही आला. त्या वेळी अपग्रेड करण्याचं कारण साधं होतं: मशीन कमी अडकतं. मराठी वापरणाऱ्यांना आणखी एक कारण होतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच वाचता येणाऱ्या, देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली होती, पण एक्सपीत ती मुळात बंद असे. कंट्रोल पॅनलमधल्या ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीच्या फाइल्स बसवण्याच्या चौकोनात खूण करायची, एक्सपीची सीडी घालायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. ज्या मशीनवर हे केलेलं नसे तिथे जोडाक्षरं फुटलेली दिसत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येई. व्हिस्टापासून ही सोय मुळातच आत आली. पण तोवर डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं जुळवण्याचं, बरंचसं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांवर चाललं होतं, आणि त्यातली काही पॅकेजं हार्डवेअर लॉक हे संगणकाला जोडायचं छोटं उपकरण लावल्याशिवाय उघडतच नसत. लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण विंडोजशी जुळवणारा प्रोग्रॅम, नव्या विंडोजवर चालेना, म्हणून कितीतरी ठिकाणी एक्सपीचं एक मशीन तसंच ठेवावं लागलं.

ड्रायव्हरची ही अडचण सगळ्यांच्या वाट्याला आली ती व्हिस्टाबरोबर. ३० जानेवारी २००७ ला ती बाजारात आली तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदललेली होती. एक्सपीसाठी लिहिलेले ड्रायव्हर बऱ्याच ठिकाणी निरुपयोगी ठरले, आणि प्रिंटर, स्कॅनर, साउंड कार्ड यांच्या कंपन्यांनी नवे वेळेवर दिले नाहीत. कागदावरची किमान गरज ५१२ एमबी रॅम होती, पण प्रत्यक्षात तेवढ्यात डिस्क सतत खडखडत राहायची. ‘व्हिस्टा केपेबल’ असं स्टिकर लावून विकलेल्या काही मशीनवर व्हिस्टाची एअरो नावाची दृश्य सजावट चालतच नव्हती, त्यावरून अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर खटलाही झाला. एक गोष्ट तेव्हापासून लक्षात ठेवण्यासारखी आहे: किमान गरज म्हणजे ती विंडोज ‘बसेल’ एवढाच शब्द असतो, ती नीट चालेल असा नव्हे. विंडोज ११ साठी लिहिलेली ४ जीबी रॅमही त्याच जातीची. ८ जीबी आणि एसएसडी ही वेगवान डिस्क नसेल तर घरच्या रोजच्या कामातही मशीन रखडतं.

२२ ऑक्टोबर २००९ ला आलेली विंडोज ७ लोकांना आवडली. त्यामागचं मोठं कारण हे की तिने व्हिस्टाचीच ड्रायव्हरची रचना ठेवली, आणि मधल्या जवळपास तीन वर्षांत ड्रायव्हर तयार झाले होते, रॅमही स्वस्त झाली होती. तरी एक्सपीवरून ७ वर थेट चढता येत नसे, सगळं पुसून नव्याने बसवावं लागे. म्हणून ‘चाललंय ते चालू दे’ म्हणणारे खूप राहिले. एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपला, ७ चा १४ जानेवारी २०२० ला.

आधार संपला तर बिघडतं काय, हे १२ मे २०१७ ला जगाला दिसलं. वॉनाक्राय नावाचा वर्म नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत गेला आणि फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं त्यामुळे खोळंबली. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिलं होतं. हल्ल्यानंतर आधार संपलेल्या एक्सपीलाही अपवाद म्हणून अपडेट देण्यात आलं. पण लागण झालेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. आधार चालू होता, अपडेट उपलब्ध होतं, फक्त ते बसवलेलं नव्हतं. आपल्याकडे असेंबल्ड मशीनवर अपडेट बंद करून देण्याची सवय रुजलेली होती, तिचा धोका नेमका हाच. कुठली विंडोज आहे हा प्रश्न नंतरचा. तिला अपडेट मिळतात का, आणि ती बसतात का, हे आधी पाहायचं.

विंडोज १० ने ही सवय मोडायचा प्रयत्न केला, पण जरा जबरदस्तीने. २९ जुलै २०१५ ला ती आली, आणि विंडोज ७ व ८.१ वाल्यांना वर्षभर मोफत होती. अपग्रेडची सूचना घड्याळाशेजारी येऊन बसायची. २०१६ च्या मे महिन्यात तर खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड होणारच, असा त्याचा अर्थ लावला गेला. लोकांचा विश्वास इथे उडाला आणि त्यात त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. मग आलं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट. ज्यांनी सी ड्राइव्ह भरू नये म्हणून ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर डी ड्राइव्हवर वळवला होता, पण जुन्या जागीही काही फाइल्स राहिल्या होत्या, त्यांच्या त्या उरलेल्या फाइल्स अपडेटने पुसून टाकल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत ते मागे घेतलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. बॅकअप नसताना अपग्रेड करू नये हे त्या वेळी पक्कं झालं. आणि सी वरचं डी वर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला, असंही नव्हे. दोन्ही एकाच डिस्कवर असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात.

आता मूळ अडचण. २४ जून २०२१ ला विंडोज ११ जाहीर झाली, ५ ऑक्टोबरला आली, आणि पहिल्यांदाच पुरेशी रॅम व वेग असलेली मशीन दारातच अडवली गेली. अटी अशा: टीपीएम २.०, सिक्युअर बूटची सोय, ६४ जीबी डिस्क, आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर किंवा त्यापुढचा. काही अपवाद आहेत, पण मोजके. म्हणजे ढोबळमानाने २०१८ च्या आधीचं मशीन बाहेर. टीपीएम ही कुलपांच्या किल्ल्या वेगळ्या जागी सांभाळणारी चिप किंवा प्रोसेसरमधलीच सोय. सिक्युअर बूट सुरू होतानाच्या फाइल्सवरची सही तपासतो, म्हणजे विंडोजच्या आधी कुणी घुसू नये.

प्रोसेसरची अट लोकांना सगळ्यात जास्त खटकली. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की अटीत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, कोसळण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी जास्त दिसलं. शिवाय ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचं संरक्षण प्रोसेसरच्या मदतीशिवाय चालवलं तर वेग मार खातो. हे दुसरं कारण खरं आहे, पण ती मदत इंटेलच्या सातव्या पिढीतही होती. सातव्या पिढीवाल्यांची तक्रार रास्तच आहे.

ज्यांचा प्रोसेसर बसतो, त्यांचंही मशीन ‘चालणार नाही’ असं सांगतं, त्यामागे बहुधा दोनच कारणं असतात. पहिलं, टीपीएम आहे पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, बंद आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप केलं की स्थिती दिसते. इंटेलच्या बोर्डवर ही सोय पीटीटी या नावाने असते, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. दुसरं कारण जास्त त्रासाचं: विंडोज जुन्या, ‘लेगसी’ पद्धतीने बसवलेली आहे आणि डिस्क नव्या जीपीटीऐवजी जुन्या एमबीआर मांडणीची आहे. तशा डिस्कवर बायॉसमध्ये नुसता यूईएफआय हा सुरू होण्याचा नवा मोड लावला तर मशीन सुरूच होत नाही, आणि माणूस घाबरतो. क्रम उलटा हवा. आधी विंडोज १० मधल्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ या साधनाने डिस्क तपासायची, मग बदलायची. नंतर बायॉसमध्ये जाऊन यूईएफआय लावायचं, जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारं सीएसएम बंद करायचं आणि सिक्युअर बूट चालू करायचा.

आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनवर हे साधन हमखास अडतं, कारण एका डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देण्याची पद्धत. त्यातले शेवटचे ड्राइव्ह बहुधा ‘एक्स्टेंडेड’ विभागात ‘लॉजिकल’ म्हणून बांधलेले असतात. साधनाला तीनपेक्षा जास्त प्रायमरी विभाग चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड तर एकही चालत नाही. तपासणी नापास होते, आणि बदल होतच नाही. उपाय एकच: त्या ड्राइव्हवरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं, ते नीट उघडतंय हे पाहायचं, तो विभाग पुसून जागा मोकळी सोडायची, डिस्क बदलायची, आणि मग मोकळ्या जागेत पुन्हा ड्राइव्ह बनवायचा. मशीनमध्ये फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळा राहू शकतो, कारण त्या कार्डात यूईएफआयसाठी लागणारं फर्मवेअर नसतं. बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारं साधन चालू आहे का तेही पाहावं. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. ती नसेल तर स्वतःच्याच फाइल्सना मुकावं लागतं.

आणखी एक अडथळा कमी चर्चेत येतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे. कमी रॅमच्या जुन्या मशीनवर ३२ बिटची विंडोज १० बसवलेली असेल, तर प्रोसेसर अटीत बसत असला तरी थेट अपग्रेड होत नाही, नव्यानेच बसवावी लागते. ३२ बिटचे ड्रायव्हर तिथे चालत नाहीत आणि १६ बिटचे जुने प्रोग्रॅमही नाहीत. दुकानाचा हिशेब डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमवर असेल तर तो आधी हलवावा लागेल.

अटीत न बसणाऱ्या मशीनवर ११ बसवण्याच्या युक्त्या प्रसिद्ध आहेत. त्या चालतात, पण मायक्रोसॉफ्ट तशा मशीनला अपडेटचा शब्द देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हाताने बसवत राहावी लागते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही सूचना नसेल तर विंडोज सुरूच होत नाही, म्हणजे कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरची वाट कायमची बंद. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर अशी युक्ती करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा मधली वाट बरी. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट घेता येतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा असतो. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. मग सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर इतकी रक्कम. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतात. यात नव्या सोयी मिळत नाहीत, फक्त फटी बुजतात, आणि सहाव्या-सातव्या पिढीच्या धडधाकट मशीनला तेवढंच हवं असतं. त्यानंतर त्यावर लिनक्स मिंट बसवता येईल. ४ जीबी रॅमवर ते बरं चालतं आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डची सोय होते. टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारं डिजिटल सहीचं टोकन लागत असेल तर मात्र मशीनच बदलावं लागेल.

२०१८ नंतरच्या, अटीत बसणाऱ्या मशीनवर थांबण्यात अर्थ नाही. परवाना आहे तोच चालतो, होमवरून होम आणि प्रोवरून प्रो. सगळं पुसून बसवणार असाल तर मराठीसाठी एक काम वाढतं: मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट विंडोज १० पासून ऐच्छिक झाले आहेत. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की ते येतात, नाहीतर जुन्या वर्ड फाइल्स दुसऱ्याच फाँटात उघडतात आणि पानं सरकतात. थेट अपग्रेड केलं तर फाँट राहतात. ११ वर काही चाललं नाही तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून १० वर परत जाता येतं. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नये, कारण परत जाण्यासाठी लागणारा ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर त्यातच पुसला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम आणि मराठी टायपिंग एकेकदा चालवून पाहावं.