अध्ययन मंडळाचे मुखपत्र

शाळा-कॉलेज मागे पडल्यावर, बहुधा नोकरी-व्यवसायातून निवृत्त झाल्यावर, शिकण्याच्या ओढीने एकत्र आलेल्या लोकांच्या मंडळाने आपल्या सभासदांसाठी काढलेले नियतकालिक. त्याला कुठे वार्तापत्र म्हणतात, कुठे पत्रिका, तर कुठे नुसतेच ‘अंक’. एका कागदाची घडी घालून केलेल्या चार पानांपासून जाडजूड दिवाळी अंकापर्यंत त्याची रूपे आढळतात. स्मरणिका, सभासद-सूची, व्याख्यानांची टिपणे, सहलीच्या माहितीपुस्तिका आणि आठवणींचे संग्रह ही त्याची भावंडे. लेखन, संपादन, मुद्रितशोधन, पत्ते चिकटवणे ही सगळी कामे सभासदच विनामोबदला करतात. शिकणे आणि शिकवणे जिथे एकाच माणसाकडे असते, अशा या मंडळांत अंक काढणे हाही एक वर्गच असतो. वर्गाला न येऊ शकणाऱ्यांसाठी तर पुष्कळदा तो एकमेव वर्ग असतो.

सभेत वाचलेला निबंध छापून काढावा, म्हणजे जो सभेला नव्हता त्यालाही तो मिळेल, हा विचार मराठीत दीडशे वर्षांहून जुना आहे. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा आणि अध्यक्ष दादोबा पांडुरंग. या सभेने १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केले. सभासदांनी आपापसांत वाचलेले निबंध त्यातून बाहेरच्या वाचकांच्या हाती पडू लागले. आपण जे शिकलो ते पुढे सांगायचे, ही आजच्या मुखपत्रांची वृत्ती तिथे पहिल्यांदा ठसठशीत दिसते. पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने आपल्या पत्रिकेतून हेच काम विज्ञानासाठी केले. पक्षिनिरीक्षकांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १९६० मध्ये जफर फतेहअली यांनी मुंबईतून ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ सुरू केले. सायक्लोस्टाईल केलेल्या, म्हणजे मेणकागदाच्या साच्यावरून प्रती काढलेल्या, साध्या कागदांवर निघणाऱ्या या पत्राने देशभर विखुरलेल्या हौशी निरीक्षकांना एकमेकांशी जोडले. एखाद्याने आपल्या अंगणातल्या घरट्याविषयी लिहिलेल्या चार ओळींनाही त्यात जागा होती.

निवृत्तांच्या अध्ययन मंडळांचा आजचा साचा मात्र युरोपातून आला. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये पिएर व्हेलास यांनी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले. ते खऱ्या विद्यापीठाच्या आधाराने चालणारे होते. ब्रिटनमध्ये पीटर लॅसलेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना उचलली आणि तिचे रूपच बदलले. प्राध्यापक नाहीत, परीक्षा नाही, पदवी नाही; ज्याला जे येते ते त्याने इतरांना शिकवायचे. या मंडळांना तिकडे ‘यूथ्रीए’ म्हणतात; ‘युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज’, म्हणजे तिसऱ्या वयाचे विद्यापीठ, याचे ते लघुरूप. प्रत्येक मंडळ स्वायत्त असते आणि त्याच्या पोटात इतिहास, भाषा, चित्रकला, भूगर्भशास्त्र, पायी भटकंती असे अनेक गट असतात. आज ब्रिटनमध्ये अशी हजाराहून अधिक मंडळे आहेत. ‘थर्ड एज मॅटर्स’ हे त्यांचे मध्यवर्ती नियतकालिक. पण खरे जिवंत काम दिसते ते गावोगावच्या छोट्या वार्तापत्रांत. कोणता गट कोणाच्या घरी, किती वाजता भरणार, गेल्या महिन्यात कोण काय बोलले आणि कोणत्या गटात अजून दोन जागा आहेत, एवढे त्यात असले तरी सभासद ते जपून ठेवतात.

महाराष्ट्रात या कामाचा मोठा वाटा ज्येष्ठ नागरिक संघांनी उचलला आहे. विरंगुळा केंद्रातली साप्ताहिक सभा, त्यातले व्याख्यान, कोजागिरी, सहल आणि या सगळ्याची नोंद घेणारा अंक ही साखळी पुणे-ठाण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत दिसते. संघांच्या राज्यस्तरीय महासंघाचे, म्हणजे फेस्कॉमचे, ‘मनोहारी मनोयुवा’ हे मुखपत्र आहे. शिवाय ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ मधील अंकापासून चालत आलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेमुळे, एरवी वर्षभर काही न छापणारा संघही दिवाळीला अंक काढतोच. ग्रंथालयातले भित्तिपत्रक आणि शाळेतला हस्तलिखित अंक ही आणखी दोन मुळे. आज सत्तरीत असलेल्या संपादकांपैकी कितीतरी जणांनी पहिले संपादन हस्तलिखितावरच केलेले असते.

छपाईची साधने बदलली तसे अंकाचे रूपही बदलले. सायक्लोस्टाईलच्या काळात टंकलेखन यंत्राची फीत बाजूला सारून मेणकागदावर अक्षरे कापावी लागत. बोट जोरात पडले की ‘व’ किंवा ‘ब’ यांच्या पोटातला तुकडाच निघून जाई आणि कागदावर नुसता काळा ठिपका उमटे. चूक झाली की तेवढ्या जागेवर लालसर द्रव लावायचा, तो वाळू द्यायचा आणि पुन्हा अक्षर मारायचे. छापलेली पाने टेबलाभोवती ओळीने मांडून सगळ्यांनी गोल फिरत एकेक पान उचलायचे, शेवटच्याने पिन मारायची. पुढे झेरॉक्स आली, मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी. आता बहुतेक अंक सभासदाच्या घरच्या संगणकावर लागतात. टेबलाभोवतीची फेरी काही ठिकाणी अजून टिकून आहे, आणि ती टिकावी. अंक पाठवण्याच्या दिवशी दोन तास एकत्र बसून घड्या घालताना नव्या सभासदाची जेवढी ओळख होते तेवढी चार व्याख्यानांत होत नाही.

पानांचा हिशोब चाराच्या पटीत करावा लागतो, कारण एक कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात. आठ पानी अंकात पहिले आणि आठवे पान कागदाच्या एकाच बाजूला येते. हे डोक्यात धरण्यापेक्षा कोऱ्या कागदाच्या घड्या घालून, त्यावर आकडे टाकून, ‘डमी’ करणे सोपे. मजकूर नऊ पानांचा झाला तर एक पान कापायचे की तीन वाढवायची, हा निर्णय संपादकालाच घ्यावा लागतो. टपालाचे गणितही आकाराशी बांधलेले आहे. ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए४ कागद ५ ग्रॅम भरतो, म्हणजे सोळा पानी ए५ (ए४च्या निम्म्या आकाराच्या) अंकाचे चार कागद २० ग्रॅम. ब्रिटनच्या टपालात साध्या पत्राची मर्यादा २४० बाय १६५ मिलिमीटर आहे. ए५ अंक तिच्यात बसतो, न दुमडलेला ए४ बसत नाही आणि महाग पडतो.

वाचणाऱ्यांचे वय लक्षात घेऊन मांडणी करणे हे या प्रकाशनांचे खास शास्त्र आहे. इंग्रजीसाठी अंधांकरिता काम करणाऱ्या ब्रिटिश संस्था किमान १२ आणि शक्यतो १४ पॉइंटचा टाइप सुचवतात. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींतले अंतर त्याहून सैल ठेवावे लागते. चकचकीत कागदावर दिव्याचा प्रकाश परावर्तित होतो, म्हणून साधा कागद बरा. फोटोवर मजकूर छापणे आणि फिकट निळ्या चौकटीत पांढरी अक्षरे टाकणे हे दोन मोह कटाक्षाने टाळावेत. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती अक्षरे दिसतच नाहीत.

मराठी अंकांपुढे फाँटची अडचण वेगळीच उभी राहते. अनेक वर्षे हे काम श्रीलिपीसारख्या, स्वतःचेच वेगळे अक्षरसंकेत वापरणाऱ्या प्रणालींवर झाले. त्या टाइपातला मजकूर तसाच उचलून ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर टाकला की अक्षरांऐवजी अर्थहीन खुणा दिसतात. सर्व संगणकांना समजणाऱ्या युनिकोड या सामाईक अक्षरसंकेतात रूपांतर करताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, जोडाक्षरे सुटतात. रूपांतरित मजकुराचे मुद्रितशोधन म्हणूनच पहिल्यापासून, ओळीवर पट्टी ठेवून करावे लागते. नवे काम आरंभापासून युनिकोडमध्ये करणे हाच यावर टिकाऊ उपाय.

संपादकाचे सर्वांत नाजूक काम म्हणजे सभासदांच्या लेखनाला हात लावणे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे आहेत, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. त्याआधी शाळा शिकलेली मंडळी आजही ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरें’ असे लिहितात. हे अनुस्वार चुकीचे नव्हेत. त्या पिढीला तसेच शिकवले होते. अंकात एकच पद्धत हवी म्हणून ते काढावे लागतात, पण लेखकाला आधी फोन करून सांगावे. पंच्याऐंशी वर्षांच्या एखाद्या आजोबांनी रेघा मारलेल्या फुलस्केपवर, समास सोडून, ठाशीव अक्षरात लिहिलेला लेख हातात आला की त्यामागची आठवडाभराची मेहनत समोर दिसते. तो कापायचा असेल तर त्यांच्या शेजारी बसून कापावा. कविता नेहमीच जागेपेक्षा जास्त येतात. त्यांच्यासाठी वर्षातून एक स्वतंत्र पुस्तिका काढणे हा बऱ्याच मंडळांनी शोधलेला सन्मान्य मार्ग आहे.

चुकांमध्ये सर्वांत महाग पडते ती तारीख आणि वाराची फारकत. ‘मंगळवार, दि. १४’ छापले आणि १४ ला बुधवार असला, तर निम्मे सभासद एका दिवशी येतात, निम्मे दुसऱ्या. त्यातला कोणी काठी टेकत, दोन बस बदलून आलेला असतो आणि सभागृहाला कुलूप असते. म्हणून तारखा शेवटच्या प्रुफात कॅलेंडर समोर धरून, एकाने वाचत आणि दुसऱ्याने बोट ठेवत तपासतात. नावांचेही तसेच. आडनाव चुकले तर माणूस हसून सोडून देतो, पण श्रद्धांजलीच्या चौकटीत चुकले तर घरच्यांना ते कायमचे लागते. श्रद्धांजलीत दिवंगत सभासद काय शिकला, काय शिकवून गेला, याची एक तरी खरी ओळ असावी. ‘मनमिळाऊ स्वभावाचे होते’ एवढ्याने माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही. ‘बहात्तराव्या वर्षी उर्दू लिपी शिकले आणि पुढे गटातल्या सहा जणांना शिकवली’, असे लिहिले की राहतो.

वाढदिवसांची यादी मराठी अंकांत आवडीने वाचली जाते. तीत जन्मवर्ष, पत्ता आणि फोन एकत्र छापू नयेत, कारण ज्येष्ठांना फसवणाऱ्यांना नेमकी हीच माहिती हवी असते. सहलीला जाणाऱ्यांची नावे आधी छापणे म्हणजे कोणाची घरे बंद असतील ते जाहीर करणे, तेव्हा ती सहलीनंतरच छापावीत. ब्रिटनमधील मंडळांना २०१८ पासून माहिती-संरक्षणाचे कडक नियम पाळावे लागतात. फोटो छापण्यापूर्वी संमती विचारण्याची सवय तिथे रुजली आहे. भारतातही २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. मुखपृष्ठावर ‘खासगी वितरणासाठी’ असे छापले म्हणजे आपण प्रत्येक नियमातून सुटलो, असे समजू नये. अंकात सार्वजनिक बातम्या व त्यांवरील भाष्य येणार असेल तर नोंदणीची चौकशी आधी करावी.

कोविडच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, सभागृहे बंद झाली आणि अंकांचे मोल एकाएकी वाढले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता त्यांना पीडीएफ गेली. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी शेजारच्या सभासदाने छापून दाराखालून सरकवली. तेव्हापासून खर्च वाचतो म्हणून छापील अंक बंद करण्याकडे कल वाढला आहे. हा निर्णय घाईने घेऊ नये. पीडीएफ मोबाइलवर उघडते, पण १४ पॉइंटचे पान पाच इंची पडद्यावर दाण्याएवढे होते. जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांचा जोडीदार गेला आहे, त्यांच्यापर्यंत महिन्यातून एकदा मंडळ पोहोचते ते कागदावरच. दोनशे सभासदांपैकी अशा वीस जणांसाठी वीस प्रती छापणे कोणत्याही मंडळाला जड नाही. दृष्टी गेलेल्यांसाठी एखादा चांगला वाचक अंक ध्वनिमुद्रित करून पाठवतो, तोही उत्तम प्रघात आहे.

अंकाव्यतिरिक्तच्या प्रकाशनांत आठवणींचे संग्रह सर्वांत मोलाचे. ब्रिटनमधील मंडळे संग्रहालये आणि अभिलेखागारांबरोबर सामायिक अध्ययनाचे प्रकल्प हाती घेतात आणि त्यांतून पुस्तिका, प्रदर्शने तयार होतात. इथे गिरणीत काम केलेले, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गेलेले, १९६७ च्या कोयना भूकंपात घर सोडून बाहेर धावलेले लोक अजून सभांना येतात. त्यांना ‘तुमच्या आठवणी लिहा’ म्हटले की कागद कोरा राहतो. ‘त्या दिवशी सकाळी घरात काय शिजले होते?’ असे विचारले की पाने भरतात.

या प्रकाशनांची जपणूक मात्र फार हेळसांडीची आहे. अंक संपादकाच्या घरी, पलंगाखालच्या पेटीत राहतात. संपादक गेला, घर आवरले की रद्दीत जातात. पहिले दोन-तीन अंक बहुतेक मंडळांकडे नसतातच. प्रत्येक अंकावर वर्ष, अंक क्रमांक आणि महिना छापावा. दोन प्रती बाजूला काढून वर्षअखेरीस बांधून घ्याव्यात. एक संच मंडळाकडे आणि दुसरा गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे, पोच घेऊन द्यावा. पिन काढूनच बांधणी करावी, कारण पावसाळ्यात ती गंजते आणि मधल्या दोन पानांवर तांबूस डाग धरतो.