पर्ल्स विमानतळाचा ताबा (ग्रेनाडा, १९८३)

पर्ल्स हा कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचा जुना विमानतळ. २५ ऑक्टोबर १९८३ ला पहाटे अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी हेलिकॉप्टरमधून उतरून तो ताब्यात घेतला आणि अमेरिकेच्या ग्रेनाडातल्या लष्करी हस्तक्षेपाची, म्हणजे ऑपरेशन अर्जंट फ्युरीची, उत्तरेकडची बाजू इथून सुरू झाली. दक्षिणेला पॉइंट सलिन्सच्या नव्या विमानतळावर जे झालं त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, पर्ल्स मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात कारण इथे मोठी लढाई झालीच नाही. माझ्या मते परक्या देशात उतरून विमानतळ कसा धरतात हे समजून घ्यायला पर्ल्सच जास्त उपयोगी आहे, कारण गोंधळ कमी असल्यामुळे कामाचा क्रम स्वच्छ दिसतो.

तो क्रम आधी सांगतो. रनवे म्हणजे उघड्यावरची एक लांब सपाट पट्टी, तिच्यावर उभं राहून तिचं रक्षण होत नाही. आजूबाजूच्या टेकडीवर एक मशीनगन असली तरी विमान उतरू शकत नाही, म्हणून आधी टेकडी घ्यायची, मग रनवेची दोन्ही टोकं, मग गावाकडून येणारा रस्ता अडवायचा, आणि टॉवर, इंधनाच्या टाक्या, इमारती वगैरे त्यानंतर. हे सगळं झालं की पट्टीवरचे अडथळे काढायचे. आणि मग तिथे थांबायचं, जे सगळ्यात अवघड असतं, ते पुढे येईलच.

हे सगळं का घडलं

ग्रेनाडा म्हणजे जेमतेम ३४४ चौरस किलोमीटरचा देश, झेंड्यावर जायफळ आहे आणि जायफळाच्या व्यापारात तेव्हा जगात वरच्या नंबरात. १९७९ मध्ये मॉरिस बिशपच्या न्यू ज्युएल मूव्हमेंट या पक्षाने तिथली सत्ता घेतली आणि क्युबाशी जवळीक वाढवली. क्युबाच्या मदतीने पॉइंट सलिन्सला साधारण ९,००० फुटांचा नवा रनवे बांधायला घेतला. रेगन सरकार म्हणत होतं की हा रनवे सोव्हिएत आणि क्युबन लष्करी विमानांसाठी आहे, ग्रेनाडा म्हणत होता की टुरिझमसाठी आहे. ग्रेनाडाच्या म्हणण्यात तथ्य होतं हे पर्ल्सकडे बघितलं की कळतं: रनवे आखूड, रात्रीचे दिवे नाहीत, मोठं जेट उतरणार नाही, आणि राजधानी सेंट जॉर्जेस डोंगर ओलांडून पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे उशिरा पोचलेल्या पर्यटकाला बार्बाडोसमध्ये मुक्काम करून दुसऱ्या दिवशी यावं लागायचं.

ऑक्टोबर १९८३ मध्ये पक्षातच फूट पडली, बर्नार्ड कोअर्डच्या गटाने बिशपला घरात कोंडलं, लोकांनी त्याला सोडवलं आणि १९ ऑक्टोबरला फोर्ट रुपर्टमध्ये सैनिकांनी त्याला आणि त्याच्या काही सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्याचे अवशेष आजपर्यंत सापडलेले नाहीत. जनरल हडसन ऑस्टिनच्या लष्करी कौन्सिलने दिसेल त्याला गोळी असा कर्फ्यू लावला. बेटावर मेडिकलला शिकणारे शेकडो अमेरिकन विद्यार्थी होते, शेजारच्या छोट्या बेटांच्या संघटनेने मदत मागितली, आणि रेगननी हल्ल्याला मंजुरी दिली.

जहाजं वळली

ज्या मरीननी पर्ल्स घेतला ते मुळात ग्रेनाडाला निघालेच नव्हते. २२ वी मरीन अँफिबियस युनिट, तिच्यात सेकंड बटालियन एट्थ मरीन्स आणि एक हेलिकॉप्टर स्क्वाड्रन, ही यूएसएस ग्वाम आणि सोबतच्या चार जहाजांवर लेबनॉनला चालली होती, बैरुतमधल्या तुकडीला बदली म्हणून. अटलांटिकमध्ये असतानाच त्यांना दक्षिणेकडे वळायला सांगितलं. तयारीला वेळ फार कमी आणि बेटाचे धड लष्करी नकाशेही नाहीत, शेवटी जुने सागरी नकाशे आणि टुरिस्ट मॅप यांच्यावर प्लॅन बसवला. जहाजांवरच्या एका अधिकाऱ्याने पूर्वी हौसेखातर या किनाऱ्यावर शिडाची बोट चालवली होती, त्याची माहिती कामाला आली.

वाटेत असतानाच २३ ऑक्टोबरची बातमी आली. बैरुतमध्ये ज्यांच्या जागी हे लोक जाणार होते त्यांच्या बराकीवर स्फोटकांचा ट्रक घुसवला गेला आणि २४१ अमेरिकन मारले गेले, त्यातले २२० मरीन होते. ती बराकसुद्धा विमानतळावरच होती, बैरुत आंतरराष्ट्रीय विमानतळावर. तिथे मरीन वर्षभर सपाट जागेत बसून होते आणि भोवतालचे डोंगर दुसऱ्यांच्या हातात होते. मला पर्ल्सची गोष्ट बैरुतपासून वेगळी काढताच येत नाही, कारण एकाच दलाने दोन विमानतळांवर दोन दिवसांच्या अंतराने काय अनुभवलं ते शेजारी ठेवून वाचलं तरच कळतं की विमानतळ घेणं आणि तो धरून बसणं ही किती वेगळी कामं आहेत.

२५ ऑक्टोबरची पहाट

मूळ विचार किनाऱ्यावरून उतरायचा होता, त्यासाठी आदल्या रात्री नेव्ही सील, म्हणजे नौदलाचे कमांडो, पर्ल्सजवळचा किनारा बघायला गेले. लाटा मोठ्या, खडक, उतरणाऱ्या गाड्यांना धोका. त्यांनी ठरलेला कोड पाठवला, "वॉकिंग ट्रॅक शूज", म्हणजे किनारा कामाचा नाही, हेलिकॉप्टरने या. सीलनी तो पाहिला नसता तर सैनिकांची पहिली तुकडी त्या खडकांवरच गेली असती. रेडिओवर आलेल्या या तीन शब्दांमुळे किती जणांचे जीव वाचले असतील कोण जाणे.

पावसाच्या सरींमुळे उड्डाणाला थोडा उशीर झाला, मग सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान मरीनची एक तुकडी, एको कंपनी, पर्ल्सच्या दक्षिणेला उतरली, अगदी रनवेवर नाही, बाजूला, आणि चालत पुढे सरकली. वर असलेल्या टेकडीवरून, नकाशावर तिला २७५ नंबर होता, १२.७ मिलिमीटरच्या दोन विमानविरोधी गन हेलिकॉप्टरवर फायर करत होत्या. कोब्रा हेलिकॉप्टरनी त्या गप्प केल्या आणि मरीन टेकडी चढून गेले तेव्हा तिथले सैनिक पळून गेले होते. विमानतळावर होते त्यांनीही थोड्या गोळ्या झाडून पाय काढला. त्याच वेळी फॉक्स कंपनी शेजारच्या ग्रेनव्हिल गावात उतरली, ठरवलेली जागा उतरण्यालायक निघाली नाही म्हणून गावातल्या फुटबॉल मैदानात. दोन-अडीच तासांत विमानतळ आणि गाव दोन्ही हातात आलं. पर्ल्सवर एकही मरीन मेला नाही.

इथे लोकांचा वाटा मोठा होता. बिशपला मारल्यामुळे आणि कर्फ्यूमुळे गावकरी संतापलेले होते, त्यांनी मरीनचं स्वागत केलं, शस्त्रं कुठे लपवलीत आणि सैन्यातलं कोण कुठल्या घरात आहे हेही सांगितलं. गाव विरोधात असतं तर दोन कंपन्यांना तो रस्ता आणि ती टेकडी धरणं जड गेलं असतं. बैरुतमध्ये नेमकं हेच नव्हतं.

पॉइंट सलिन्सला त्याच सकाळी आर्मीचे रेंजर कमांडो फक्त ५०० फुटांवरून पॅराशूटने उतरले, कारण वर गेलं की गनच्या टप्प्यात यायचं. रनवेवर गाड्या उभ्या केलेल्या, खुंट ठोकलेले, ते सगळं रेंजरनी तिथलेच बुलडोझर सुरू करून हटवलं आणि मगच विमानं उतरली. क्युबन बांधकाम कामगारांनी तिथे चांगलाच प्रतिकार केला.

पुढचे दिवस

बेट दोघांत वाटून दिलं होतं, उत्तर मरीनकडे, दक्षिण आर्मीकडे. कागदावर ठीक, पण रेडिओ एकमेकांशी जुळत नव्हते, दक्षिणेतल्या सैनिकांना समुद्रातल्या जहाजांची मदत सरळ मागता येत नव्हती. २५ च्या रात्री गोल्फ कंपनी रणगाडे आणि पाण्यातून चालणाऱ्या गाड्या घेऊन पश्चिमेला ग्रँड मालच्या किनाऱ्यावर उतरली आणि २६ ला सकाळी राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांची सुटका केली. त्याच दिवशी मरीनच्या हेलिकॉप्टरमधून रेंजर ग्रँड आन्सला गेले आणि तिथले विद्यार्थी बाहेर काढले. या मोहिमेत तीन मरीन मेले, तिघेही सेंट जॉर्जेसजवळ पाडल्या गेलेल्या कोब्रांचे वैमानिक.

एकूण १९ अमेरिकन मेले. ग्रेनाडाचे ४५ मेले, त्यातले २४ सामान्य नागरिक, आणि त्यात सेंट जॉर्जेसच्या मानसोपचार रुग्णालयातले १८ रुग्ण होते, ज्यांच्यावर नौदलाच्या विमानाचा बॉम्ब पडला. मोहीम स्वच्छ झाली असं लिहिणारे हे रुग्णालय विसरतात आणि ते मला अजिबात पटत नाही. २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी हा हस्तक्षेप आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरवून निषेध केला. ग्रेनाडात मात्र २५ ऑक्टोबर हा थँक्सगिव्हिंग म्हणून सुट्टीचा दिवस आहे, आणि २०२३ पासून १९ ऑक्टोबरलाही राष्ट्रीय वीर दिन म्हणून सुट्टी मिळाली, म्हणजे त्या देशाने दोन्ही आठवणी जवळ ठेवल्यात.

आपल्याकडे याचा धागा गोव्यात सापडतो. ग्रेनाडा कॉमनवेल्थचा सभासद, ब्रिटनची राणी तेव्हा त्याची राष्ट्रप्रमुख, आणि अमेरिकेने ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंचा विरोध असतानाही हल्ला केला, त्यामुळे महिन्याभरात नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधींच्या अध्यक्षतेखाली कॉमनवेल्थ प्रमुखांची परिषद (चोगम) भरली तेव्हा ग्रेनाडा हा त्यातला मोठा विषय होता. मधले दिवस सगळे नेते गोव्यात होते आणि तिथून आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचं गोवा डिक्लरेशन निघालं. पर्वरीकडून कळंगुटला जाणाऱ्या रस्त्याला लोक आजही चोगम रोड म्हणतात तो याच परिषदेमुळे.

पर्ल्सवर मरीननी आपली पाटी लावली होती, बैरुतच्या स्फोटात गेलेल्या एका सार्जंट मेजरचं नाव त्या विमानतळाला दिलं होतं. पण मुक्काम थोडाच झाला. १ नोव्हेंबरला त्यांनी शेजारचं कॅरियाकू बेट गोळीबाराशिवाय घेतलं आणि लगेच मूळ कामावर, लेबनॉनला, निघून गेले. वर्षभरात, ऑक्टोबर १९८४ मध्ये, पॉइंट सलिन्स सुरू झाला आणि पर्ल्स बंद पडला. ज्या रनवेवरून एवढा वाद झाला तोच अमेरिकेच्या पैशाने पुरा झाला, आणि २००९ पासून त्याला मॉरिस बिशपचं नाव आहे.

पर्ल्सवर क्युबाचं आंतोनोव्ह २६ आणि सोव्हिएत आंतोनोव्ह २ अशी दोन विमानं १९८३ पासून गंजत पडलीत, पर्यटक त्यांचेच फोटो काढतात. पण ही जागा त्याहून कितीतरी जुनी आहे, इथे युरोपियन यायच्या हजारेक वर्षं आधीची मूळ रहिवाशांची मोठी वस्ती होती आणि १९४० च्या दशकात विमानतळ बांधताना तिच्यावरूनच बुलडोझर फिरले. मातीतून मडक्यांचे नक्षीदार तुकडे अजून वर येतात, लोक ते उचलून नेतात, विकतातही, आणि उरलेल्या भागाला नीट संरक्षण मिळावं ही पुरातत्त्व अभ्यासकांची जुनी मागणी आहे.