ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार: खालचा गिअर टाकणं की ब्रेक मारणं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या वेगवान गाडीत वेग कमी करायचे दोन रस्ते असतात. एक सरळ ब्रेक, आणि दुसरा म्हणजे स्टिअरिंगमागचं डावं पॅडल ओढून किंवा लिव्हर मायनसकडे नेऊन खालचा गिअर टाकायचा, मग इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं. याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. आता आपल्याकडे परतवाडा नाहीतर दर्यापूरकडे पोर्शे काही रोज दिसत नाही, पण डीएसजीवाली (म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) जुनी पोलो जीटी किंवा ऑक्टाव्हिया आरएस कोणाकडं ना कोणाकडं निघतेच, आणि २०१४ मधे सेलेरिओ आल्यापासून एएमटी, म्हणजे मोटरनं क्लच दाबणारी स्वस्त ऑटोमॅटिक, तर गावोगाव झाली, त्यामुळं पानटपरीवर हा वाद चालूच असतो. उत्तर तसं सरळ आहे, थांबायचं असेल तर ब्रेक, आणि लांब उतारावर वेग धरून ठेवायचा असेल तर गिअर.

इंजिन गाडीला धरतं कसं? पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की हवेची झडप जवळजवळ बंद होते, पिस्टनला हवा ओढायला जोर लागतो आणि तो जोर चाकांकडून वसूल होतो. खालच्या गिअरमधे इंजिन जास्त फिरतं म्हणून धरही जास्त. डिझेलमधे ही अडवणूक कमी असते, म्हणूनच मोठ्या ट्रकांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक देतात. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही पण खरी आहे, आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमधे असताना पाय काढला की पेट्रोल जाणंच बंद होतं, उलट न्यूट्रलमधे इंजिन चालू ठेवायला थोडं तरी पेट्रोल लागतंच, त्यामुळं पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल मारून उतरणारे पोट्टे पेट्रोलही जाळतात आणि इंजिनचा धरही गमावतात.

ऑटोमॅटिक सगळे सारखे नसतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं, आतला लॉक-अप क्लच बसलेला नसेल तर धर ढिला लागतो. ड्युअल क्लचमधे (डीएसजी त्यातलाच) जोडणी थेट, म्हणून गिअर टाकल्या टाकल्या जाणवतं. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच फक्त मोटर दाबते, धर चांगला पण बदल रमतगमत. सीव्हीटी म्हणजे पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, त्याला खरे गिअर नसतातच, तिथं लिव्हरवर एल किंवा एस असेल तर ते वापरायचं. चांगल्या ड्युअल क्लच गाड्या खालचा गिअर टाकताना स्वतःच क्षणभर रेस देतात, म्हणजे इंजिनचे फेरे चाकांशी जुळतात आणि झटका बसत नाही. त्या वेगाला तो गिअर टाकला तर इंजिन लाल रेषेच्या, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या, वर जाईल असं दिसलं की कॉम्प्युटर सरळ नकार देतो, तुम्ही पॅडल कितीही ओढा.

हे पॅडल रेसिंगमधूनच आलं. १९८९ मधे निगेल मॅन्सेलनं ब्राझीलची शर्यत फेरारी ६४० मधे जिंकली, तिला असे पॅडल होते. रस्त्यावरच्या फेरारीत ते १९९७ ला एफ३५५ मधे आले, फोक्सवॅगननं २००३ मधे गोल्फ आर३२ ला डीएसजी दिला, आणि पोर्शेनं ऐंशीच्या दशकात शर्यतीत वापरलेला पीडीके हा आपला ड्युअल क्लच गिअरबॉक्स २००८ मधे ९११ ला बसवला. पण रेसवाले वळणाआधी गिअर पाडतात ते थांबायला नाही बरं का, वेग कमी करायचं काम ब्रेकच करतो, गिअर फक्त वळणातून निघताना इंजिन ताकदीच्या फेऱ्यात असावं म्हणून. एक्झॉस्टचा तो फटफट आवाज ऐकून आपल्याकडे उलटा अर्थ काढतात.

समृद्धीवर कारंजाच्या अलीकडे १२० नं जाताना समोर रोही (नीलगाय) आली समजा. सेकंदाला ३३ मीटर गाडी जातेय, तिथं पॅडल शोधायला वेळ नाही. ब्रेक चारही चाकांवर लागतो आणि चाक अडकेपर्यंत दाबता येतो, त्यानंतर चाक अडकू न देण्याचं काम एबीएस सांभाळतं, म्हणजे गाडी किती लवकर थांबणार हे टायर आणि रस्त्याची पकड ठरवते. गिअरनं त्यात काही भर पडत नाही. शिवाय इंजिनचा धर फक्त ओढणाऱ्या चाकांवर येतो, त्यामुळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या जोरदार गाडीत पावसात वळणावर एकदम खालचा गिअर टाकला तर मागची बाजू सटकते, हे मात्र खरंच धोक्याचं.

घाटाचा हिशोब वेगळा आहे. १२० च्या वेगात जेवढी ऊर्जा असते तेवढी गाडी ५७ मीटर खाली उतरली की तयार होते. चिखलदऱ्याहून धामणगाव गढीमार्गे परतवाड्याला येताना उतार ७०० मीटरच्या आसपास, म्हणजे १२० वरून पूर्ण थांबायचं काम बाराएक वेळा केल्यासारखं. थोडं हवा आणि टायर खातात, बाकी सगळं पॅड-डिस्कमधे उष्णता म्हणून जातं, आणि उन्हाळ्यात बाहेरची हवाच तापलेली असते. पॅड फार तापले की पकड सोडतात, वास येतो. ब्रेक ऑइल त्याहून वाईट, नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही पण ते हवेतली ओल पितं आणि ओलं झाल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते, उकळलं की पेडल फरशीला लागतं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा-तिसरा गिअर धरायचा, वेग वाढला की ब्रेक मारून कमी करायचा आणि सोडून द्यायचा, सारखा पाय टेकवून ठेवायचा नाही. डी मधे ठेवलं तर बरेच गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला वरचा गिअर टाकतात, त्यामुळं मॅन्युअल मोड घ्यावाच लागतो.

गिअरनं वेग कमी झाला तर मागचे लाल दिवे लागत नाहीत, मागं एसटी चिकटून असेल तर पेडलला हलका स्पर्श करून दिवा दाखवावा.

पॅड वाचवायला गिअर वापरतो असंही काही जण सांगतात. पॅड घासायसाठीच बनवलेले असतात, स्वस्त असतात आणि तालुक्यालाही बदलून मिळतात. ड्युअल क्लचचं काम निघालं तं बाप्पा, नागपूरशिवाय पर्याय नाही आणि बिल बघून माणूस खाली बसतो.

इलेक्ट्रिक गाडीत हेच काम मोटर करते, उतारावर बॅटरी भरते. फक्त बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती वीज घेत नाही आणि धर कमी होतो, म्हणून चिखलदऱ्याला मुक्काम करून सकाळी उतरायचं असेल तर रात्री ८०-९० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवलेलं बरं.