एआय शिकवताना आधी शंका घ्यायला शिकवा

आरोग्य क्षेत्रातल्या संशोधकांसाठी एआयची शिबिरं आता जागोजागी भरतात. बहुतेकांचा भर चॅटबॉटला प्रश्न कसा विचारावा यावरच असतो. ते तसं कुणालाही लवकर जमतं. खरी अडचण पुढे येते: समोर आलेलं उत्तर चुकीचं असेल, तर ते ओळखायचं कसं?

अमेरिकेत २०१८ मध्ये छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलचा, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या एआय प्रणालीचा, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका रुग्णालयातल्या एक्स-रेंमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, तर दुसऱ्या ठिकाणी जेमतेम १ टक्का. डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ एक्स-रेच्या कोपऱ्यात धातूची छोटी खूण ठेवतात. अशा बारीकसारीक गोष्टींवरून एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे, हे मॉडेलला जवळजवळ अचूक सांगता येत होतं. एकदा रुग्णालय कळलं, की फुप्फुसांकडे न बघताही अंदाज बरोबर येण्याची शक्यता वाढते. तिसऱ्याच रुग्णालयातले एक्स-रे दिल्यावर मात्र मॉडेलची कामगिरी घसरली.

कोविडच्या काळात तर याहून सोपे सापळे होते. काही संशोधकांनी कोविडच्या प्रौढ रुग्णांचे एक्स-रे घेतले आणि तुलनेसाठी न्यूमोनिया झालेल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांचे. मॉडेल रोग ओळखतंय की वय, हे कोण सांगणार? २०२१ मध्ये एका गटाने अशा ६२ शोधनिबंधांची बारकाईने छाननी केली. प्रत्यक्ष उपचारांत वापरण्याजोगं त्यांत एकही मॉडेल निघालं नाही.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात विदेपासून, म्हणजे डेटापासून, व्हायला हवी. ही नोंद कुठून आली, कुणी केली, कशासाठी केली? एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे असतील आणि एक शिकवताना, दुसरा परीक्षेत वापरला गेला, तर गुण फुगतात. पेपर आधीच फुटल्यासारखंच ते. त्यामुळे विदेची विभागणी एक्स-रेनुसार न करता रुग्णानुसार करायची आणि शेवटची परीक्षा मॉडेलने कधीही न पाहिलेल्या रुग्णालयातल्या विदेवर घ्यायची. हे दोन नियम कागदावर साधे वाटतात, पण घाईत सर्रास मोडले जातात.

कधी विदा ठीक असते, हिशेबही चोख असतो आणि मूळ प्रश्नच चुकलेला असतो. अमेरिकेतल्या एका प्रणालीला जास्त देखभाल लागणारे रुग्ण निवडायचे होते. आजाराचं मोजमाप म्हणून तिने उपचारांवरचा खर्च धरला. कृष्णवर्णीय रुग्णांवर, ते तितकेच आजारी असूनही, कमी खर्च होत आला होता. साहजिकच ते यादीत मागे पडले. २०१९ च्या अभ्यासानुसार ही त्रुटी काढली असती, तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. ही चूक शोधायला संगणकशास्त्रापेक्षा आरोग्य व्यवस्थेची जाण जास्त लागते, आणि ती आरोग्य संशोधकाकडे असते. एआयपुढे बिचकणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना हे आवर्जून सांगायला हवं.

चॅटबॉटची तऱ्हा वेगळी. तो संदर्भ बेमालूम रचतो: लेखक, नियतकालिक, वर्ष, सगळं जागच्या जागी, फक्त लेख अस्तित्वात नसतो. २०२३ मधल्या एका चाचणीत चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-३.५ या मॉडेलने दिलेले ५५ टक्के संदर्भ बनावट निघाले, तर त्यानंतरच्या जीपीटी-४ चे १८ टक्के. मॉडेलं सुधारतात, तरीही यादीतला प्रत्येक लेख स्वतः उघडून वाचण्याला पर्याय नाही.

रुग्णांची माहिती सार्वजनिक चॅटबॉटमध्ये चिकटवणं तर साफ चूक. नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असं होत नाही. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येतील, असा संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांचा २००० सालचा अंदाज आहे. दुसऱ्यांच्या अप्रकाशित संशोधनाबाबतही तेवढीच गुप्तता पाळावी लागते. अनुदानाच्या प्रस्तावांचं परीक्षण करताना जनरेटिव्ह एआय (चॅटबॉटसारखा नवा मजकूर तयार करणारा एआय) वापरायला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ मध्येच बंदी घातली.

हे सगळं भाषणातून शिकवून मुरत नाही. त्यापेक्षा प्रशिक्षणार्थींच्या हाती मुद्दाम बिघडवलेलं, पण ९५ टक्के अचूकता दाखवणारं मॉडेल द्यावं आणि गोम कुठे आहे ते शोधायला सांगावं. त्यासाठी अख्खा दिवस गेला तरी चालेल. चॅटबॉटचं सत्र तासाभरात आटोपता येतं.