राऊटरने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापणे

हातात धरून चालवायच्या विद्युत राऊटरने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आकारात कापण्याची किंवा त्याची कड फर्म्याबरहुकूम (नमुन्याच्या आकाराप्रमाणे) छाटण्याची रीत. राऊटर मुळात सुताराचे, वेगाने फिरणाऱ्या पात्याने खाचा पाडणारे व कडा छाटणारे यंत्र आहे. सरळ कापाच्या पातळ पत्र्याला कातरी पुरते. वळणदार कड किंवा पत्र्याच्या मधोमध खिडकी पाडायची असेल तर राऊटर सोयीचा.

उगम : खाचा पाडण्याच्या हातरंध्याला मोटर प्रथम कोणी जोडली, याविषयी मतभेद आहेत. काही जण अमेरिकेतील बफलो येथील केली कंपनीच्या यंत्राकडे बोट दाखवतात व त्याचा काळ साधारण १९०५ च्या आसपास धरतात. ते यंत्र मात्र वजनदार होते. ऑन्सरड पितापुत्रांचा राऊटर त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आला, पण तो दाबाच्या हवेवर चाले. हातात पेलणाऱ्या हलक्या विद्युत यंत्राचा विचार केल्यास पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा आर. एल. कार्टर यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. त्यांचा व्यवसाय स्टॅनली कंपनीने १९२९ मध्ये घेतला. अ‍ॅल्युमिनियमसाठी राऊटरचा मोठ्या प्रमाणावर वापर दुसऱ्या महायुद्धातील विमान कारखान्यांत झाला. तेथे पत्र्यांची चळत रचून फर्म्यावरून एकदम कापत. ती यंत्रे बहुधा बैठी किंवा लांब बाहूची असत.

तत्त्व : लाकडासाठीचा वेग धातूला कसा चालतो, हा प्रश्न साहजिक आहे. ६ मिमी. व्यासाचे बिट (राऊटरमध्ये बसवायचे फिरते पाते) मिनिटाला १८,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या धारेचा वेग मिनिटाला सुमारे ३४० मी. होतो. कार्बाइडच्या (अतिकठीण धातुसंयुगाच्या) धारेला अ‍ॅल्युमिनियमवर हा वेग मानवतो. पोलादावर तीच धार लवकर जळेल. खरी अडचण कठीणपणाची नसून चिकटपणाची आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६०° से. ला वितळते, पण त्याच्या कितीतरी आधीच मऊ होऊन ते धारेवर थापले जाते. बिटाची खोबणी भरली की ते कापायचे सोडून घासू लागते, आणखी तापते आणि मोडते. यंत्राचा आवाज खाली बसला, सुट्या चकचकीत कपच्यांऐवजी लगद्यासारखा कीस दिसू लागला, तर हात थांबवावा. म्हणून कीस बाहेर पडायला मोठी खोबण असलेले एकधारी सर्पिल बिट पसंत करतात. १८,००० फेऱ्यांना प्रत्येक फेऱ्यात ०.०४ मिमी. पुढे सरकणे धरल्यास हात सेकंदाला सुमारे १२ मिमी. सरकायला हवा, फार जपून चालवणारा माणूसच बिट जाळतो. ६०६१-टी६ सारखा कडक मिश्रधातू सुटसुटीत कापतो, ११०० हा जवळपास शुद्ध पत्रा सर्वांत चिवट. टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा लेप असलेली बिटे येथे टाळतात, कारण त्या लेपाला अ‍ॅल्युमिनियम चिकटते. मेणाची कांडी किंवा तेलाचा हलका फवारा हा चिकटपणा कमी करतो. रॉकेलचा वापरही आढळतो, पण मोटरच्या ठिणग्यांजवळ तो धोक्याचा आहे.

कृती : पत्रा प्लायवुडवर सर्वत्र घट्ट दाबून बसवतात, सुटी कड थरथरली की बिट तिला उचलते. खोली एका दमात न घेता थोडी थोडी घेतात. छाटणीसाठी बेअरिंगचे (टेकून फिरणारी कडी असलेले) बिट फर्म्याला टेकवून, बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने व आतल्या खिडकीत घड्याळाच्या दिशेने फिरवतात. याच्या विरुद्ध दिशांनी फिरवल्यास यंत्र हातातून ओढले जाते. कडेची बर (कापताना उरलेली धारदार किनार) शेवटी कानशीने काढतात.

सुरक्षा : कपच्या तापलेल्या व धारदार असतात. चष्मा, कानांचे संरक्षण व अंगभर कपडे आवश्यक. सैल हातमोजे नकोत. धूळ शोषणाऱ्या यंत्राच्या, लाकडाचा भुसा भरलेल्या पिशवीत हा कीस खेचू नये, कारण गरम कपचीने भुसा पेटू शकतो.