संगणक व इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ प्रशिक्षण (पुणे)

संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स उपकरणांची जोडणी, तपासणी व दुरुस्ती करणारा कारागीर घडवणारे शिक्षण. पुण्यात ते दोन जागी होते: औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या (आयटीआय) ठिकाणी आणि बुधवार पेठेतल्या दुकानांच्या काउंटरमागे. प्रमाणपत्र पहिल्याच जागी मिळते.

आयटीआयमध्ये दहावीनंतर ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा २ वर्षांचा व्यवसाय घेता येतो. १ वर्षाचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) हा संगणक चालवण्याचा आणि प्रोग्रॅमिंगच्या तोंडओळखीचा अभ्यासक्रम आहे. तिथे दुरुस्ती शिकवतील या समजुतीने गेलेल्याची निराशा होते. आयटीआय संपल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते; भोसरी-चाकणचा औद्योगिक पट्टा जवळ असण्याचा फायदा इथे होतो. पुढे शिकायचे असेल तर २ वर्षांची आयटीआय केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे.

खरे शिक्षण मात्र टेबलावर होते. मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचे यंत्र) धरणे, डाख देणे (सोल्डरिंग), रोधकावरचे (रेझिस्टर) रंगपट्टे वाचणे इथून सुरुवात. चांगला डाख चकचकीत आणि सुट्या भागाच्या पायाला बिलगलेला दिसतो. मळकट गोळी बसली की ‘ड्राय सोल्डर’, आणि मग यंत्र कधी चालते, कधी नाही. संगणकाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) तपासताना २४ पिनांच्या जोडातली हिरवी तार काळ्या तारेला जोडतात. पंखा फिरला तर निदान तो जिवंत आहे एवढे कळते. पंखा फिरला म्हणजे व्होल्टेज बरोबर आहे असे नव्हे, पण घाईत अनेक जण तिथेच थांबतात. उघडलेल्या एसएमपीएसची भीती बाळगावी. २३० व्होल्ट एसीचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरात (वीज साठवणाऱ्या भागात) काही काळ टिकते.

‘सिरीज बल्ब’ ही जुनी युक्तीही अजून शिकवली जाते: दुरुस्त केलेले यंत्र थेट मेनला न लावता साध्या, तारेच्या बल्बमधून वीज द्यायची. बल्ब क्षणभर लखलखून मंदावला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, त्यामुळे तारेचा बल्ब जपून ठेवतात.

सुटे भाग घ्यायला विद्यार्थी पासोड्या विठोबाजवळ, तपकीर गल्लीकडे जातात. कोणता आयसी (चिप) कोणत्या आयसीच्या जागी चालेल, हे तिथे विचारून कळते.

हल्ली अनेक लॅपटॉपमध्ये रॅमही बोर्डावरच डाखलेली असते. पूर्वी ती काढून, टोके खोडरबराने पुसून परत बसवली की बरेचदा काम भागे. आता हॉट एअर गन आणि सूक्ष्मदर्शक लागतो. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे बारीक भाग) सोल्डरिंग अभ्यासक्रमातही आहे, पण हात बसायला भंगारातले बोर्ड लागतात, आणि ते ज्याचे त्याने मिळवायचे असतात.